आतलं झाकण

‘घड्याळवाली’ हे नाव तिला बाजारानं दिलं, असं लोकांना वाटायचं. खरं तर ते दिलं होतं सासूनं, आणि ते दिलं तेव्हा घड्याळाला चावी कशी द्यायची हेसुद्धा तिला धड ठाऊक नव्हतं.

घरात ती थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हा तेवीस वर्षांची होती, उंच, जरा वाकून चालणारी, हळू बोलणारी. घरात सासू, सासरे, नवरा आणि धाकटा दीर. सासरे आयुष्यभर एका व्यापाऱ्याच्या गोदामावर होते. व्यापाऱ्यानं धंदा गुंडाळला त्या दिवशी स्वतःच्या खिशातलं सोन्याचं घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं होतं. मोठं, जाडजूड, साखळीचं घड्याळ. त्याला तीन झाकणं. एक पुढं काचेवर, एक मागं, आणि मागचं उघडलं की आत आणखी एक. डायल पांढरीशुभ्र, तिच्यावर कुणाचं नाव नाही. कडेला एक बारीक दांडी होती, ती जाम झालेली. सासरे म्हणायचे, ‘‘ती मोडकी आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.’’ घड्याळ चालायचंही अधूनमधूनच. पण ते कपाटात आहे या एका गोष्टीवर घराची मान ताठ होती.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. पाच महिने ते अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं थोरलीनंच काढलं. कपाटातून औषधं काढायची, चादरी काढायच्या, म्हणून किल्ल्यांचा जुडगा तिच्याच कमरेला असायचा. नेमकं तेच तिला भोवलं.

सासरे गेले. महिना गेला आणि सासूबाई घड्याळ रुमालात गुंडाळून सोनाराकडे घेऊन गेल्या. विकायचं नव्हतं, नुसतं किती वजनाचं आहे ते बघायचं होतं. सोनार सावध माणूस. बाहेरच्या चकचकीत झाकणावर ओरखडा कशाला, म्हणून त्यानं मागचं झाकण उघडलं, आतल्या झाकणाची कड दगडावर घासली, वर ॲसिडचा थेंब टाकला. पिवळी रेघ फसफसली आणि नाहीशी झाली.

‘‘पितळ आहे, बाई,’’ तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याला पुढं काही विचारलं नाही. तशाच घरी आल्या. थोरली इस्त्री करत होती. सासूबाईंनी तिच्यासमोर टेबलावर घड्याळ ठेवलं.

‘‘कुठं ठेवलंस?’’

‘‘काय, आई?’’

‘‘खरं घड्याळ.’’

तिला कळेचना. कळलं तेव्हा हातातली इस्त्री तशीच राहिली आणि नवऱ्याच्या सदऱ्यावर तपकिरी डाग पडला. नवरा दारात उभा होता, एक बूट पायात, एक हातात. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो बुटाकडे बघत म्हणाला, ‘‘आई म्हणतेय म्हणजे काहीतरी असेल.’’

त्या दुपारी तिची पेटी उपसली गेली. धाकटा दीर तिच्या माहेरी जाऊन तिच्या वडिलांना कपाट उघडा म्हणाला. वडील शाळेत शिपाई होते. त्यांनी कपाट उघडून दिलं आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसले. दीर रिकाम्या हातानं परतला. यावर सासूबाईंचं म्हणणं असं, की विकून मोकळे झाले असतील, इतके दिवस कोण ठेवतंय. वडील त्यानंतर मुलीच्या घरी कधी आले नाहीत. वर्षाच्या आतच गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं होतं, ‘‘बाळ, तू नाही ना?’’ ती ‘नाही’ म्हणाली. पण वडिलांना विचारावंसं वाटलं, हे तिच्या काळजात रुतून बसलं.

पोलिसात कुणी गेलं नाही, घराण्याची अब्रू होती ना. तिला हाकलूनही दिलं नाही, घरकामाला कोण मिळणार? सासूबाईंनी घड्याळ मात्र कपाटात कुलपाखाली ठेवलं, पुरावा म्हणून. पाहुणे आले की बाहेर निघायचं. ‘‘हे बघा, आमच्या घड्याळवालीनं आमच्यासाठी काय ठेवलंय.’’ थोरली त्याच खोलीत चहाचे कप घेऊन उभी असायची. पाहुणे घड्याळाकडे बघायचे, मग तिच्याकडे, मग कपाकडे. धाकट्याची बायको नवीन आली, तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच तिला ते दाखवलं. ‘‘बघून ठेव. या घरात कपाटाला कुलूप का असतं, ते कळलेलं बरं.’’

मूलबाळ झालं नाही. तेही घड्याळाच्याच खात्यावर जमा झालं.

दिवसभर त्या घरात बसणं नको, म्हणून पाच वर्षांनी ती कामाला लागली. बाजारात चपलांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मध्ये कपाटाएवढी फट होती, तिच्यात एक म्हातारा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्याला पट्टे आणि सेल विकायला माणूस हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘शोभेल तुला.’’

मास्तर खडूस होते. चुकलं की चिमट्यानं बोटावर टोचायचे. पण त्यांचे हात कापायला लागले होते आणि हिचे हात अजिबात कापायचे नाहीत. दोन वर्षांत पट्टे बाजूला पडले आणि तिच्या डोळ्याला भिंग लागलं ते कायमचं. मास्तर म्हणायचे, ‘‘घड्याळ आधी ऐकायचं. मग उघडायचं. शिक्के बघायचे, नंबर बघायचे. तोंड उघडायचं ते सगळ्यात शेवटी.’’

एकदा तिनं त्यांना घरची हकिगत सांगितली. मास्तरांनी हातातलं काम थांबवलं नाही.

‘‘सोनारानं घासलं कुठं?’’

‘‘आत, म्हणे. मागचं झाकण उघडून.’’

‘‘हात्तिच्या! अगं, आतलं झाकण कैक घड्याळांत पितळेचंच असतं. बाहेर सोनं, आत पितळ. कारखानेवाले तसं त्याच्यावर कोरूनसुद्धा ठेवायचे, म्हणजे कुणी फसायला नको. बघितलंस का कधी?’’

‘‘मला कोण हात लावू देतंय?’’

‘‘मग बघितल्याशिवाय बोलायचं नाही,’’ मास्तर म्हणाले, आणि तिला पुढचं घड्याळ दिलं.

त्या संध्याकाळी ती जवळजवळ धावतच घरी गेली. ‘‘आई, एकदाच बघू द्या. तुमच्यासमोर उघडते.’’ सासूबाई हसल्या. ‘‘आता काय उरलंय बदलायला? पितळेचं लोखंड करायचंय?’’ काही वर्षांनी तिनं पुन्हा विचारलं. त्या खेपेला सासूबाईंनी कपाटाची किल्ली गळ्यातच घातली.

अशी सव्वीस वर्षं गेली. मास्तर वारले, दुकान तिच्याकडे आलं. चार गावांहून लोक जुनी घड्याळं घेऊन तिच्याकडे येऊ लागले. तिनं एकदा ‘हे खरं’ म्हटलं की बाजारात त्यावर कुणी वाद घालत नसे. घरात मात्र भाजी आणायला दिलेल्या सुट्ट्या पैशांचा हिशेब तिला द्यावा लागायचा.

मग चौऱ्याऐंशीव्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन दिवस दवाखान्यात काढून परत आल्या त्या पलंगालाच लागल्या. किल्ली जावेकडे गेली. घर विकायचं ठरलं होतं, म्हणून जाऊ कपाट आवरायला बसली. एका रविवारी सकाळी दिरानं ते घड्याळ जेवणाच्या टेबलावर आणून आपटलं.

‘‘वहिनी, तुमच्या दुकानात पितळ घेतं का हो कुणी?’’ स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला.

थोरलीनं घड्याळाला हात लावला नाही. आधी ती म्हणाली, ‘‘सगळे बसा. आईंचा पलंग दारापाशी ओढा. मी उघडणार आहे, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडणार आहे.’’

ती असं कधी बोलत नसे. म्हणून असेल, पण सगळे बसले. तिनं पांढरा रुमाल पसरला, भिंग लावलं. पुढचं झाकण. आत अठरा कॅरेटचा शिक्का, बाईच्या डोक्याचा, तांदळाएवढा. खाली नंबर. मागचं झाकण. तोच शिक्का, तोच नंबर. मग आतलं झाकण. त्याच्यावर बारीक वळणदार अक्षरांत एक परका शब्द कोरलेला. मास्तरांनी शिकवलेला, ‘हे झाकण सोन्याचं नाही’ असं सांगणारा. त्याखाली पुन्हा तोच नंबर. आणि कडेला, नखाएवढी, सोनाराच्या दगडाची खूण.

तिनं भिंग दिराच्या हातात दिलं. त्यानं मोबाईलचा उजेड पाडून तिन्ही नंबर मोठ्यानं वाचले. मग जावेनं वाचले. मग नवऱ्यानं.

‘‘तिन्ही झाकणं एकाच दिवशी जन्मलेली आहेत,’’ थोरली म्हणाली. आवाज कापत होता, हात नाही. ‘‘बाहेर सोनं. आतलं पहिल्यापासून पितळच. सोनारानं तेच घासलं. ही त्याची खूण. हे तेच घड्याळ आहे. कुणीही, कधीही बदललेलं नाही.’’

जाऊ तिच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. एकतीस वर्षं थोरलीनं या क्षणाची वाट पाहिली होती. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं.

म्हणाल्या त्या सासूबाई. पलंगावरून, स्वच्छ आवाजात. ‘‘म्हणजे परत आणून ठेवलंस.’’

‘‘आई?’’

‘‘मी दवाखान्यात होते तेव्हा. न्हायला जाताना गळ्यातून काढलेली किल्ली तीन दिवस उशीखाली पडून होती. वय झालं, देवाघरी काय तोंड दाखवू असं झालं असेल. ठेवलंस परत.’’

‘‘आई, खूण आहे त्याच्यावर! सोनाराची खूण!’’

‘‘खुणा तू करशील. नंबर कोरशील. सव्वीस वर्षं तेच तर शिकायला गेली होतीस.’’

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे केस आता पांढरे झाले होते, एवढाच काय तो फरक. ‘‘जाऊ दे ना,’’ तो म्हणाला. ‘‘सोनं निघालं, बरंच झालं की. कशाला उकरून काढायचं?’’

‘‘ग्रॅम किती भरेल हो, वहिनी?’’ दीर म्हणाला.

तिनं मान खाली घातली. आतलं झाकण अजून उघडायचं होतं. काहीतरी करायचं म्हणून तिनं ते नखानं उचललं, आणि मशीन दिसलं.

ती बघतच राहिली. कडेनं दोन पोलादी तारा वेटोळं घालून बसल्या होत्या, केसासारख्या बारीक. त्यांच्याशेजारी दोन हातोड्या, मुंगीच्या डोक्याएवढ्या. म्हणजे ती जाम दांडी मोडकी नव्हतीच. ती सरकवली की हे घड्याळ वाजून वेळ सांगायचं, तास, पाव तास, अगदी मिनिटंसुद्धा. तेल वाळून चिकट झालं होतं, बाकी काही नाही. मास्तरांनी असं घड्याळ आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि त्याबद्दल बोलताना ते उभे राहायचे. झाकणांचं सोनं यापुढं किस झाड की पत्ती! अख्खं राहिलं तर हे घर विकून जे यायचं, त्याहून जास्त या एका घड्याळाचं येणार होतं.

ती सांगणार होती. तोंड उघडलंही होतं.

‘‘बघते कशी,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘चोराला आपला माल ओळखू येतोच.’’

थोरलीनं झाकण मिटलं. ‘‘मशीन बंद आहे,’’ ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. ‘‘डायलवर नाव नाही. सोनं मात्र चांगलं आहे.’’

‘‘इंटरनेटवर जुन्या घड्याळांचे भाव बघितले मी. डोळे फिरतात,’’ दीर म्हणाला.

‘‘नावाची असतात ती. चालू असतात.’’

सोमवारी दीर घड्याळ घेऊन सोनाराकडे निघाला आणि तिला म्हणाला, ‘‘चला, वजनात फसवलं तर तुम्हाला कळेल.’’ ती गेली. जुना सोनार जाऊन त्याचा मुलगा गादीवर बसला होता. त्यानं घड्याळ हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, म्हणाला, ‘‘वितळवायचंच ना?’’ दीर ‘हो’ म्हणाला. तिनं पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. सोनारानं पक्कड घातली, बिजागऱ्या तोडल्या, अंगठ्यानं मशीन मागून ढकललं. ते सुटेना, तेव्हा हातोडीच्या दांड्यानं ठोकलं. डायल मधोमध तडकली. कुणी कपाळावर मारावं तसं तिला झालं. एक शब्द पुरला असता, डायल फुटल्यावरही पुरला असता. ती गप्प राहिली. बाहेरची सोन्याची डबी घडी घालून मुशीत गेली, वितळली, आणि अंगठ्याएवढी एक पिवळी पट्टी बाहेर आली.

‘‘हे घ्या वहिनी, तुमच्या कामाचं,’’ म्हणून दिरानं मशीन कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबलं.

पाच दिवस ती दुकानात दुसरं काही करत नव्हती. वाळलेलं तेल खरवडलं, चाकं धुतली, चावीसाठी दुसरी काडी बसवली. सहाव्या दिवशी, दांडी जिथं जोडलेली होती ती कड चिमट्यानं सरकवली. हातोड्या हलल्या. एवढ्या लहान वस्तूतून एवढा गोल, भरलेला आवाज येईल, हे तिला शिकलेल्या डोळ्यांनीही सांगितलं नव्हतं. तिनं ते पुन्हा पुन्हा वाजवलं. आणि मग तिच्या मनात ते आलं. आलं म्हटल्यावर तिनं ते झिडकारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघीच होत्या. थोरलीनं सासूबाईंना चमच्यानं भरवलं, तोंड पुसलं, पाठीमागं उशी लावली. मग पर्समधून मशीन काढून त्यांच्या कानाशी धरलं आणि वाजवलं.

‘‘काय आहे ते?’’

‘‘तुमचं घड्याळ. बाबांचं. हे वाजायचं, आई. असं घड्याळ हजारात एक नसतं. या घरापेक्षा महाग होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं, टेबलावर.’’

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. ‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘माझं कुणी ऐकतं का?’’

संध्याकाळी सगळे जमल्यावर सासूबाईंनी हंबरडा फोडला. हिनं घड्याळ वितळवू दिलं, ते गाणारं घड्याळ होतं, घराएवढ्या किमतीचं होतं, माझ्या कानाशी गायलं! दिरानं बायकोकडे पाहिलं. ‘‘गाणारं घड्याळ?’’ तो हळूच म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या वयात पडल्यावर असं होतं, भास होतात म्हणून. जावेनं स्वयंपाकघरात थोरलीला विचारलं, ‘‘खरंच काही होतं का हो, वहिनी?’’

‘‘छे,’’ थोरली म्हणाली.

त्यानंतर रोज दुपारी ती पाच मिनिटांसाठी घरी यायची. एकदा वाजवायची, आणि परत जायची. सासूबाई रोज संध्याकाळी सांगायच्या. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. शेजारणी आल्या की सासूबाई त्यांचा हात धरून सांगायच्या, आणि शेजारणी ‘हो हो’ म्हणून हात सोडवून घ्यायच्या. म्हातारी जेवेना. डोळे खोल गेले. एवढं होऊनही थोरलीनं एक दुपार चुकवली नाही.

पंधरा-सोळा दिवसांनी सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. ‘‘सांग ना त्यांना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला वेडी म्हणतात. तू सांग, मी सांगते.’’

‘‘काय सांगाल?’’

‘‘की तू नव्हतं घेतलंस. मला कळलं होतं त्या दिवशी, नंबर वाचले तेव्हाच. पण एकतीस वर्षं... मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?’’

थोरलीनं दुसऱ्या हातानं मशीन पर्समध्ये ठेवलं. ‘‘म्हणा मग,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांसमोर म्हणा. मग मी सांगते.’’

त्या संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांना पलंगापाशी बोलावलं. कोपरावर उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तशाच पडून म्हणाल्या, ‘‘थोरलीनं घड्याळ घेतलं नव्हतं. कधीच नव्हतं घेतलं. मी खोटी. ऐका सगळे.’’

‘‘हो, आई,’’ दीर त्यांच्या कपाळावर हात ठेवत म्हणाला. ‘‘कुणीच नाही घेतलं. आता झोप बरं.’’

‘‘अरे, खरं सांगतेय!’’

‘‘हो हो. खरं.’’ आणि बायकोला, ‘‘रात्रीची गोळी आत्ताच दे गं.’’

थोरली नवऱ्याकडे वळली. ‘‘ऐकलंत ना? आई काय म्हणाल्या ते?’’

‘‘अगं, तिचं काय मनावर घेतेस,’’ तो म्हणाला. ‘‘काल मला माझंच नाव विचारत होती.’’

सासूबाई थोरलीकडे बघत होत्या. आता तिनं बोलायचं होतं, ठरलं होतं तसं. मशीन पर्समध्येच होतं. काढून वाजवलं असतं, तर म्हातारी शहाणी ठरली असती, तिचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि थोरलीही सुटली असती. पण मग घराएवढं घड्याळ जाणूनबुजून मुशीत घालू देणारीही तीच ठरली असती. जावेनं गोळी आणली, पाणी आणलं. थोरलीनं ग्लास घेतला आणि सासूबाईंच्या ओठांना लावला.

म्हातारी त्यानंतर बोलली नाही. नवव्या दिवशी गेली.

घर विकलं गेलं. दीर-जाऊ नव्या फ्लॅटमध्ये गेले. थोरलीनं दुकानाच्या वर एक खोली भाड्यानं घेतली. सामान बांधताना नवऱ्यानं विचारलं, ‘‘तिथं दोघांना जागा होईल का?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही धाकट्याकडे जा.’’

तो गेला. महिन्यातून एकदा दुकानाच्या फटीशी येऊन उभा राहतो, हातातलं घड्याळ काढून देतो, सेल बदलून मागतो. मागच्याच महिन्यात बदललेला असतो. ती पुन्हा बदलते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हात करते.